घाटाखाली राइड्स, घाटावर पाऊलवाटा : खोपोली-लोणावळा परिसरातील तीन दिवसांच्या सहलीची आखणी

लोणावळ्याला जायचे ठरले की घरात दोन गट पडतात. मुलांना इमॅजिकाचा रोलर कोस्टर आणि वॉटर पार्क हवा असतो, तर मोठ्यांना एखाद्या पडवीत बसून समोरच्या डोंगरावरून उतरणारे धुके पाहायचे असते. दोघांचेही मन राखले जावे म्हणून मग सकाळी लेणी, दुपारी राइड्स आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट असा बेत ठरतो. आमच्या कुटुंबाने पहिल्या खेपेस नेमके हेच केले होते. कार्ल्याच्या लेण्यांतील चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, आम्ही वीस मिनिटे थांबलो, घाट उतरण्यात दीड तास गेला, थीम पार्कमध्ये जेमतेम चार राइड्स झाल्या आणि परत घाट चढताना गाडीत सगळे झोपले होते. त्यानंतरच्या अनेक फेऱ्यांतून जी पद्धत आमच्या अंगवळणी पडली, ती येथे क्रमाने मांडली आहे. तिचे सूत्र असे, की थीम पार्कला एक अख्खा दिवस द्यावा, शांत ठिकाणांना सकाळ द्यावी, आणि संपूर्ण सहलीत बोरघाट एकदाच चढावा व एकदाच उतरावा.

पहिली पायरी : भूगोल नीट समजून घ्यावा

बहुतेकांची आखणी चुकते ती इमॅजिका लोणावळ्यात आहे या समजुतीमुळे. हे उद्यान रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंचीवर पुणे जिल्ह्यात आहे आणि या दोहोंच्या मध्ये बोरघाट उभा आहे. नकाशावर हे अंतर पंचवीस-तीस किलोमीटरच भरते. मात्र शनिवारी सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या वाहनांच्या रांगेत सापडल्यास तेवढ्यालाच दोन तास लागू शकतात, कारण घाटातील काही भागात द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांची वाहतूक एकत्र येते.

या परिसराचे तीन पट्टे डोक्यात ठेवले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. पहिला पट्टा घाटाखालचा, खोपोली, खालापूर आणि पालीचा; येथे कोकणातली उष्ण, दमट हवा असते आणि मोठे थीम पार्कही येथेच आहे. दुसरा पट्टा घाटमाथ्याचा, खंडाळा आणि लोणावळा बाजाराचा. येथे हॉटेले, चिक्कीची दुकाने, दऱ्यांकडे पाहणारे पॉइंट आणि सगळ्यांत जास्त गर्दी असते. तिसरा पट्टा लोणावळ्याच्या पूर्वेला पसरलेल्या मावळचा, म्हणजे मळवली, कार्ले, भाजे, कामशेत आणि पवनेच्या खोऱ्याचा. ज्यांना खरी शांतता हवी आहे त्यांनी याच तिसऱ्या पट्ट्याकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोणावळ्याच्या बाजारापासून मळवली रेल्वेने फक्त एक स्थानक दूर आहे, तरीही बहुसंख्य पर्यटक त्या दिशेला फिरकत नाहीत.

दुसरी पायरी : ऋतू आणि वार निवडावा

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास असतो. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथा हिरवागार असतो हे खरे. पण त्याच काळात उघड्यावरच्या राइड्स जोरदार पाऊस किंवा विजा सुरू झाल्या की थांबवाव्या लागतात, आणि दऱ्यांच्या पॉइंटवर कित्येक दिवस पांढऱ्या धुक्याच्या भिंतीखेरीज काहीही दिसत नाही. थीम पार्क आणि निसर्ग या दोन्हींचा समतोल साधायचा असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. सप्टेंबरअखेरीस किल्ल्यांचे माथे सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरलेले असतात, ओढे अजून वाहते असतात आणि आकाश बऱ्यापैकी मोकळे झालेले असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मावळात चांगली थंडी पडते, तर घाटाखाली दुपारी फिरण्याजोगी हवा असते. एप्रिल-मे मध्ये घाटाखालचे ऊन लहान मुलांना सोसत नाही, त्यामुळे तेव्हा वॉटर पार्कचाच विचार करावा. मेअखेरीपासून पावसाच्या पहिल्या सरींपर्यंत राजमाची किल्ल्याच्या रानात काजवे चमकतात. केवळ त्यासाठी जाणाऱ्यांनी थीम पार्क पूर्णपणे वगळावे, कारण रात्री जागून दुसऱ्या दिवशी दिवसभर रांगेत उभे राहणे कोणालाच झेपत नाही.

वाराची निवड ऋतूइतकीच महत्त्वाची आहे. एक दिवसाची रजा मिळत असेल तर ती शुक्रवारी घ्यावी आणि थीम पार्क शुक्रवारी उरकावे. शनिवार-रविवारी उद्यानात राइडपेक्षा रांगच जास्त अनुभवावी लागते. मावळात मात्र सुटीच्या दिवशीही पहाटे निघणाऱ्याला रस्ता मोकळा मिळतो. दोन दिवसांची रजा शक्य असल्यास बुधवार ते शुक्रवार ही सहल अगदी वेगळी वाटते. शाळांच्या दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्यांत मधल्या वारीही उद्यानात गर्दी असते, हे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी : पहिला दिवस घाटाखाली

मुंबई किंवा ठाण्याहून येणाऱ्यांनी सकाळी लवकर निघून आधी उद्यान करावे आणि संध्याकाळी घाट चढून मुक्कामाला जावे. पुण्याहून येणाऱ्यांनी क्रम उलटा ठेवावा, म्हणजे आधीचे दोन दिवस मावळात घालवून शेवटच्या दिवशी घाट उतरावा आणि उद्यानातून थेट घरी परतावे. अशा आखणीत घाटाची अनावश्यक फेरी वाचते. मुंबईच्या बाजूने द्रुतगती मार्गाने खोपोलीसाठी बाहेर पडून पालीच्या रस्त्याला लागायचे असते. रेल्वेने येणाऱ्यांना कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत लोकल आहे आणि तेथून रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते.

हे थीम पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर शेजारी वॉटर पार्क व स्नो पार्कची भर पडली. एकाच दिवसात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही करण्याचा मोह टाळावा. दोन्हींची तिकिटे एकत्र घेतल्यास स्वस्त पडतात, पण ओले कपडे बदलणे, लॉकर उघडणे-मिटणे आणि पुन्हा रांगेत लागणे यांत दोन तास सहज जातात. दहा वर्षांखालील मुले असतील तर वॉटर पार्क आणि त्याहून मोठी असतील तर थीम पार्क, असा साधा नियम आम्ही पाळतो. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढावे, कारण वारानुसार दर बदलतात. त्याच वेळी त्या दिवशी कोणत्या राइड्स देखभालीसाठी बंद आहेत आणि कोणत्या राइडला उंचीची काय अट आहे, तेही पाहून घ्यावे. उंचीची अट मुलांना घरीच सांगावी. दीड तास रांगेत उभे राहिल्यावर पट्टीपाशी नकार मिळालेल्या मुलाचा उरलेला दिवस वाया जातो, आणि त्याच्याबरोबर सगळ्या घराचाही.

उद्यान साधारणपणे सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास उघडते. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि आत शिरताच फोटो काढत न रेंगाळता नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरकडे जावे. हा पाळणा उघड्यावर आहे, ऊन चढण्यापूर्वी त्याची रांग लहान असते आणि पोट हलके असताना बसलेले बरे. दुपारी बारा ते साडेतीन हा काळ डीप स्पेस, आय फॉर इंडिया, सलीमगढ अशा बंदिस्त आणि वातानुकूलित आकर्षणांसाठी राखावा. जेवण एक तर पावणेबाराला किंवा अडीचनंतर घ्यावे, म्हणजे उपाहारगृहातही रांग लागत नाही. राजासॉरससारख्या पाण्याच्या राइड्स दुपारी उशिरा कराव्यात, कारण नंतर कपडे वाळायला थोडे ऊन उरते आणि ओल्या अंगाने वातानुकूलित दालनात बसण्याची वेळ येत नाही. संध्याकाळची मिरवणूक पाहायची असल्यास तिची वेळ आत शिरतानाच विचारून ठेवावी.

सोबत टोपी, बदलायचे कपडे, पायातून न निसटणारे सँडल आणि औषधे ठेवावीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, परंतु तान्ह्या मुलांचे खाणे व औषधे यांना सहसा अडवले जात नाही. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. तो घरून नेला तर तेथे भाड्याने घेण्याचा खर्च वाचतो.

घरातील ज्येष्ठांना दिवसभर उद्यानात बसवून ठेवू नये. त्यांच्यासाठी घाटाखालीच दोन उत्तम पर्याय आहेत. खालापूरजवळच्या महडला अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे मंदिर आहे आणि उद्यानाच्याच रस्त्याने पुढे गेल्यास पालीचा बल्लाळेश्वर येतो. पालीच्या मंदिरामागे सरसगडाचा कातळ उभा आहे आणि जवळच उन्हेरे येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. आमच्या आई-वडिलांनी एकदा असा दिवस घालवला होता, आणि संध्याकाळी भेटल्यावर सर्वांत ताजेतवाने तेच दिसत होते. चतुर्थीला मात्र या मंदिरांत मोठी गर्दी असते.

चौथी पायरी : घाट चढावा आणि मुक्काम निवडावा

उद्यानातून सहाच्या सुमारास निघाल्यास घाट चढताना उजेड थोडा तरी मिळतो. खोपोलीजवळ डोंगरउतारावरून खाली येणारे जाडजूड जलनलिकांचे पट्टे मुलांना अवश्य दाखवावेत. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर वळवणसारख्या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी या नळांतून खाली सोडून वीज तयार होते आणि ती त्या काळी मुंबईच्या कापडगिरण्यांना पुरवली जात असे. दिवसभर उंचावरून खाली झेपावणाऱ्या पाळण्यांत बसलेल्या मुलांना पडणाऱ्या पाण्याचे बळ समजावून सांगायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

मुक्कामाबाबत माझा सल्ला आग्रहाचा आहे. शांतता हवी असेल तर लोणावळा बाजारात किंवा तुंगार्लीच्या बंगल्यांच्या वस्तीत राहू नये. शेजारच्या बंगल्यात ध्वनिवर्धक लागला तर रात्री एकपर्यंत झोप मिळत नाही. त्याऐवजी भाजे, कार्ले, मळवली किंवा कामशेतच्या बाजूची घरगुती निवासाची सोय पाहावी. आरक्षण करताना तीन प्रश्न विचारावेत : आवारात किंवा शेजारी ध्वनिवर्धक लावण्याची परवानगी आहे का, त्या दिवशी कोणी मोठा गट येणार आहे का, आणि सकाळी सहाला चहा मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना यजमान अडखळला, तर तेथे येणारे पाहुणे उशिरा उठणारे, म्हणजे बहुधा उशिरापर्यंत जागणारे आहेत, असे समजायला हरकत नाही.

पवना धरणाच्या काठावरील तंबूंचा मुक्काम फार लोकप्रिय झाला आहे. सुटीच्या रात्री त्यांतील अनेक ठिकाणी संगीत आणि दिव्यांचा गोंगाट असतो. आठवड्याच्या मधल्या वारी मात्र तोच काठ अतिशय निवांत असतो आणि तुंग व तिकोना या किल्ल्यांची शिखरे पहाटे पाण्यात उतरलेली दिसतात.

पाचवी पायरी : दुसरा दिवस लोहगड आणि भाजे लेण्यांचा

या दिवशी गाडी शक्यतो मुक्कामीच ठेवावी. मळवली स्थानकातून भाजे गावापर्यंत अडीच-तीन किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. गावातून डाव्या हाताला विसापूर आणि उजव्या हाताला लोहगड ठेवून वाट गायमुख खिंडीकडे चढते, आणि खिंडीतून उजवीकडे वळल्यावर लोहगडवाडी लागते. गावापासून वाडीपर्यंत रमतगमत चालणाऱ्या कुटुंबाला दीड ते दोन तास लागतात. वाडीपर्यंत मोटारीने जाता येते, पण रस्ता तीव्र चढणीचा आणि अरुंद असून सुटीच्या दिवशी तेथे वाहने अडकून पडतात. गुडघे दुखणाऱ्यांनी मोटारीने जावे, इतरांनी पायी चालावे.

सकाळी साडेसहाला निघावे. या वेळी ओढ्याकाठच्या झाडीतून शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येण्याची शक्यता असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला हा पक्षी पहाटे इतका सुरेल गातो, की रानात एखादा माणूस स्वतःशीच शीळ घालत चालला आहे असे वाटते. अकरानंतर चढणाऱ्यांना ही शीळ ऐकायला मिळत नाही. निसर्गासाठी सकाळ राखून ठेवण्याचा माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे. दुपारी ठिकाण तेच असते, पण पक्षी गप्प असतात, ऊन डोक्यावर असते आणि दोनशे माणसे सोबत चालत असतात.

लोहगड चढायला सोपा आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार प्रवेशद्वारे एकामागून एक लागतात. खालून येणारा शत्रू प्रत्येक वळणावर वरच्या तटाच्या माऱ्यात कसा सापडत असेल, हे मुलांना प्रत्यक्ष चालतानाच समजते. माथ्यावरून विंचूकाट्याकडे जावे. डोंगराची ही अरुंद सोंड खाली उतरत लांबवर गेलेली आहे आणि तिच्या टोकावरून पवनेचा जलाशय पसरलेला दिसतो. ११ जुलै २०२५ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आणि मराठ्यांच्या लष्करी परंपरेशी जोडलेले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांत लोहगड आहे. हा किल्ला महाराजांनी स्वराज्यात आणला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत मिळवला. एवढा इतिहास सांगून मग थोडा वेळ कोणीच काही बोलू नये. आमच्याकडे विंचूकाट्यावर पंधरा मिनिटे सर्वांनी फोन पिशवीत ठेवून बसायचे, असा नेम आहे. आदल्या दिवशी किंचाळून घसा बसलेली मुले पहिली पाच मिनिटे चुळबुळ करतात, पण नंतर त्यांनाच घिरट्या घालणारी घार, दरीतून वर येणारा ढग किंवा खालच्या शेतातील माणसांच्या हाका आधी कळतात.

पावसाळ्यातील रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी कोंडी होते की चढणारे आणि उतरणारे दोघेही जागच्या जागी अडकतात. जुलै-ऑगस्टमध्ये रविवारखेरीज दुसरा दिवस मिळत नसेल तर लोहगड सोडावा आणि पुढे सांगितलेल्या बेडशाला जावे.

उतरताना लोहगडवाडीत जेवावे. पिठले, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणी तांदळाचा भात असे साधे जेवण येथील घरांतून मिळते. इंद्रायणी हे वाण मावळातच, वडगावच्या भात संशोधन केंद्रात विकसित झाले. ज्या मातीत तो पिकतो तेथेच तो खाण्यात वेगळी गोडी आहे. चढताना जेवणाची संख्या सांगून ठेवली तर घरच्या बाईंची धावपळ होत नाही आणि अन्नही वाया जात नाही.

भाजे लेणी मुद्दाम परतीच्या वाटेवर, दुपारी साडेतीननंतर पाहावीत. ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत, त्यामुळे उतरते ऊन चैत्यगृहात आतपर्यंत पोहोचते. येथे २२ लेणी असून त्यांची सुरुवात इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील आहे. चैत्यगृहाचे खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते बसवत, आणि कारागिरांनी दगडातही तीच सवय जपली. पुढे एकत्र उभे असलेले १४ स्तूप आहेत आणि अगदी टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, रथारूढ सूर्य व हत्तीवर बसलेला इंद्र अशी ओळखली जाणारी शिल्पे आहेत. तेथेच तबल्यासारख्या दोन वाद्यांवर हात ठेवलेली एक स्त्री आणि शेजारी नर्तकी कोरलेली आहे. ती शोधून काढण्याचे काम मुलांवर सोपवावे.

सहावी पायरी : तिसऱ्या दिवशी एकच ठिकाण

तिसऱ्या दिवशी अनेक जण राहिलेले सगळे पॉइंट उरकण्याच्या मागे लागतात. मी एकच ठिकाण निवडण्याचा आग्रह धरीन. माझी पहिली पसंती बेडसे लेण्यांना आहे. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून बेडसे गावाला फाटा फुटतो आणि गावामागच्या डोंगरात पायऱ्यांची अर्ध्या तासाची चढण आहे. ही लेणी पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन थेट आत येते. दोन कातळांच्या मधल्या अरुंद वाटेने आत शिरल्यावर अचानक समोर उंच खांब उभे राहतात आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, बैल व हत्तींवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी दिसतात. कार्ल्याच्या तुलनेत येथे माणसांची वर्दळ फारच कमी असते.

कार्ले टाळावे असे मी म्हणणार नाही. सुमारे ४५ मीटर लांबीचे हे चैत्यगृह भारतातील कातळात खोदलेल्या चैत्यगृहांमध्ये सर्वांत मोठे आहे, आणि त्याच्या छताच्या लाकडी फासळ्या अजून टिकून आहेत. वैजयंती नगरातील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख तेथे आहे आणि त्यात हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे म्हटले आहे. त्याच डोंगरावर एकवीरा आईचे मंदिर आहे, कोळी बांधवांसह असंख्य कुटुंबांचे ते कुलदैवत आहे. सुटीच्या दिवशी आणि विशेषतः चैत्रातील यात्रेच्या काळात तेथे मोठी गर्दी लोटते, आणि ती भाविकांची गर्दी असल्याने पर्यटकाने तिच्याविषयी तक्रार करू नये. म्हणून कार्ले मधल्या वारी, शक्यतो सकाळी लवकर करावे. सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत, ज्येष्ठांनी सावकाश चढावे.

चालण्याची सवय असलेल्या गटाला राजमाची हा तिसरा पर्याय आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटरची वाट रानातून किल्ल्यावरच्या उधेवाडी गावाला जाते. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांसह तेथे एक रात्र राहायला हवे, त्यामुळे तो तीन दिवसांच्या कौटुंबिक सहलीत न कोंबता स्वतंत्रपणे करावा.

चालता न येणाऱ्यांसाठी खंडाळ्याचा राजमाची पॉइंट सकाळी सातच्या आत अतिशय सुंदर असतो. समोर उल्हास नदीचे खोरे आणि पावसाळ्यानंतर काही आठवडे कुणे धबधबा दिसतो. दहानंतर तेथे घोडे, मक्याची कणसे आणि मोटारींचे भोंगे असतात.

मुलांनी पुन्हा पाण्यात खेळण्याचा हट्ट धरला आणि इमॅजिकाच्या ठिकाणी फक्त थीम पार्क झाले असेल, तर मळवलीजवळच वेट एन जॉय हे वॉटर पार्क आहे. अशा वेळी कुटुंबाने दोन भागांत विभागून जावे. एक मोठा माणूस मुलांबरोबर राहील आणि बाकीचे लेण्यांकडे जातील. सगळ्यांनी सगळे एकत्रच केले पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मी भांडणे मिटतात.

पाण्याबाबत तडजोड नको

थीम पार्कमध्ये पाणी खोल नसते, जीवरक्षक असतो आणि राइड सुरू होण्यापूर्वी कोणीतरी पट्टा तपासतो. सह्याद्रीतल्या ओढ्यावर यांपैकी काहीच नसते, आणि आदल्या दिवशी उद्यानात निर्धास्त खेळलेल्या मुलांच्या मनात हा फरक आपोआप उमटत नाही. तो त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावा लागतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते उभे होते तेथे सुरुवातीला पाणी कमी होते आणि पाहता पाहता वाढले. वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाहत आल्या किंवा आवाज बदलला, तर क्षणभरही न थांबता काठावर यावे. त्याहून उत्तम म्हणजे पावसाळ्यात प्रवाहात उतरूच नये. खोपोलीजवळचे धबधबे आणि पवना धरणाचा जलाशय यांनाही हेच लागू आहे. धरणाचा काठ उतरता दिसला तरी पाण्याखाली तो एकाएकी खोल होतो आणि चिखलात पाय रुततो.

पावसाळ्यात प्रशासन धबधबे, धरणे आणि किल्ल्यांसाठी वेळोवेळी बंदीचे आदेश काढते आणि सुटीच्या दिवशी भुशीकडे जाणारा रस्ता दुपारनंतर अनेकदा बंद केला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या पाहून जावे आणि बंदी असल्यास आडवाटेने जाऊ नये. अडचणीत ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक वर्षानुवर्षे दऱ्याखोऱ्यांतून माणसांना वर काढण्याचे काम करीत आले आहेत. आपल्या हौसेपायी त्यांना रात्रीच्या पावसात दोर घेऊन उतरावे लागू नये, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यायलाच हवी.

मोटार नसेल किंवा दोनच दिवस असतील तर

दोनच दिवस असतील तर पहिला दिवस उद्यानाला आणि दुसरी सकाळ भाजे किंवा बेडशाला द्यावी. घाटमाथ्यावरचे पॉइंट सोडून द्यावेत. चिक्की परतीच्या वाटेवर घेता येते.

मोटार नसलेल्यांना ही सहल उलट अधिक सुखाची होते. पुणे-लोणावळा लोकल मळवली आणि कामशेत या दोन्ही स्थानकांवर थांबते, पण दुपारी दोन गाड्यांमधले अंतर बरेच वाढते, त्यामुळे परतीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी. मुंबईहून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात फलाटावरचा गरम वडापाव घेण्याची रीत अजून चालू आहे. येताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसावे, म्हणजे उल्हास खोऱ्याची दरी आणि पलीकडे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले दिसतात. संध्याकाळच्या गाडीने परतायचे असेल तर पाच वाजण्यापूर्वीची निवडावी, कारण हिवाळ्यात त्यानंतर घाटात अंधार पडू लागतो.